शेजारच्या केंद्रांचं सोलापूर

सोलापूरच्या रेडिओचा इतिहास आकाशवाणीच्या १०३.४ एफएमपासून सांगतात, ते मला पटत नाही. आमच्या गावात केंद्र फार उशिरा आलं. रेडिओ त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होता, केंद्रं तेवढी परगावची.

त्यातलं एक तर केव्हाच संपलं. १९३५ पासून निजाम सरकारच्या हाती असलेलं हैदराबादचं डेक्कन रेडिओ. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गच्या वाटेने निजामाच्या हद्दीत शिरल्या. १७ तारखेला शरणागती झाली, ती निजामाने याच रेडिओवरून जाहीर केली. १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीत गेलं आणि डेक्कन रेडिओ हे नाव पुसलं गेलं. त्याच वर्षी धारवाड सुरू झालं, १९५३ ला पुणे, १९६३ ला सांगली, १९६६ ला गुलबर्गा.

ही केंद्रं आमच्या शहराच्या पूर्व भागात कशी नांदली, ते कुणीतरी लिहायला हवं. वडील यंत्रमागावर, तिथल्या खडखडाटात रेडिओ कुठला ऐकू येतोय? तो होता विड्या वळणाऱ्या बायकांचा. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसायची. ओलवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालू, कान फळीवरच्या मर्फी रेडिओकडे. दुपारी शेजारची कानडी अव्वा आपलं सूप घेऊन यायची, "गुलबर्गा लाव गं" म्हणायची. गुलबर्गा जवळ, दिवसाही स्वच्छ लागायचं. हैदराबादची तेलुगू मात्र दिवसा खरखरायची. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा आयनांबराचा खालचा थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आदळून शेकडो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे अम्माची भाषा दिवेलागणीनंतर घरात यायची. मराठीसाठी सांगली, पुणे. भांडण व्हायचं ते रेडिओच्या काट्यावरून, भाषेवरून कधी नाही. तीन भाषा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू लागल्या, त्यात या काट्याचा वाटा मोठा आहे असं मी ठामपणे म्हणते.

पुढे खासगी एफएम आलं, ९२.७, ९१.१. आवाज काचेसारखा स्वच्छ. पण एफएमच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, आणि अनेक नव्या संचांतून मिडियम वेव्हचा पट्टाच गेला. आता पूर्व भागात कुणाला हैदराबाद आकाशवाणी ऐकायची असेल, तर मोबाइलवर अ‍ॅप उघडावं लागतं, आणि तिथे ती भर दुपारीही लागते.