निजलेलें जनित्र

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, हें काम मिस्त्र्याचें, मास्तरांचें नव्हे. तें खरेंही आहे. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि एंजिनाच्या विद्येंत मी कोणाचा शिष्य नाहीं. तरी पण संकटसमयीं उपयोगी पडावें म्हणून आपण जें विजेचें जनित्र, म्हणजे जनरेटर, घरीं आणून ठेवितों तें नेमकें संकटसमयींच सुरू कां होत नाहीं, ह्या प्रश्नाचा मीं पुष्कळ दिवस विचार केला आहे. तसा विचार करणें मला एका प्रसंगामुळें भाग पडलें. तो प्रसंग आधीं सांगतों.

ता. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उपनगरांतील आमच्या गृहसंस्थेचा चिटणीस त्या वर्षीं मीच होतों. संध्याकाळीं वीज गेली. लिफ्ट आणि पाण्याचा पंप ह्यांच्यासाठीं आम्हीं एक डिझेलचें जनित्र घेऊन ठेविलें होतें. तें उंच ओट्यावर असल्यामुळें पाणी तेथवर पोंचलें नव्हतें. टांकींत डिझेल भरपूर होतें. मीं मोठ्या विश्वासानें बटण दाबलें. आंतून ‘टक्’ असा एक आवाज आला, आणि पुढें कांहीं नाहीं. पुन्हा दाबलें, पुन्हा तेंच. चौथ्या मजल्यावरील आमचे एक वृद्ध शेजारी त्या वेळीं दम्यानें हैराण झाले होते, आणि औषधाची वाफ देणारें त्यांचें यंत्र विजेवर चालणारें होतें. अखेर रात्रीं चौघांनीं त्यांना खुर्चींत बसवून अंधाऱ्या जिन्यानें खालीं उतरविलें आणि कमरेइतक्या पाण्यांतून इस्पितळांत नेलें. ते वाचले, पण त्या जिन्यांत ऐकलेला त्यांच्या श्वासाचा आवाज अजून माझ्या कानांतून गेलेला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मिस्त्री आला. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार सांचला होता. त्यानें त्यावर गरम पाणी ओतलें, टोकें घांसून साफ केलीं, आपल्या गाडींतील बॅटरी जोडली, आणि दहा मिनिटांत यंत्र धडधडूं लागलें. जातांना त्यानें सहज विचारिलें, “मास्तर, हें शेवटचें केव्हां चालविलें होतें?” मला उत्तर देतां आलें नाहीं. दोष यंत्राचा नव्हता, चिटणिसाचा होता.

इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. एखादी गोष्ट बिघडली म्हणजे ती मुळांत कशी घडली हें तो पाहूं लागतो. जनित्राचा इतिहास मीं जसजसा वाचीत गेलों तसतसें मला दिसून आलें कीं, मनुष्याचे कष्ट कमी करण्यासाठीं ह्या यंत्राला जी जी सोय जोडली गेली, ती ती पुढें यंत्र अडण्याची एक नवी जागा झाली. म्हणून यंत्र कसें घडलें हें ज्याला कळलें, त्याला तें कोठें अडलें असेल हेंही बरेंचसें कळतें.

प्रारंभ १८३१ सालीं होतो. लंडनमध्यें मायकेल फॅरडे ह्यानें सिद्ध केलें कीं, चुंबक आणि तारेचें वेटोळें ह्यांपैकीं एक दुसऱ्याजवळ हलत राहिलें म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें पिक्सी ह्यानें हातानें फिरवावयाचें यंत्र केलें. परंतु त्या काळचे कायमचे चुंबक दुबळे असत. १८६६ व ६७ ह्या सालांत जर्मनींत सीमेन्स आणि इंग्लंडांत व्हीटस्टन व व्हार्ली ह्यांनीं जवळ जवळ एकाच वेळीं एक नामी युक्ति काढली. लोखंडांत पूर्वीचें थोडेंसें चुंबकत्व उरलेलेंच असतें. त्या अल्पशा चुंबकत्वानें थोडी वीज उत्पन्न करावी, ती वीज चुंबकाच्याच वेटोळ्यांत सोडून चुंबक बळकट करावा, म्हणजे वीज आणखी वाढते. विरजणाच्या एका थेंबानें सबंध भांड्याचें दहीं व्हावें, तसाच हा प्रकार. परंतु विरजणच संपलें तर दहीं लागावयाचें कशानें? ह्या पद्धतीचें जनित्र फार दिवस पडून राहिलें तर तें उरलेलें चुंबकत्व कधीं कधीं नाहींसें होतें. मग एंजिन उत्तम चालतें, आणि दिवा मात्र लागत नाहीं. जाणता कारागीर बॅटरीची वीज क्षणभर त्या वेटोळ्यांत सोडतो आणि विरजण पुन्हा लावून देतो.

आतां हें फिरवावयाचें कोणीं? १८७६ सालीं ऑटो ह्यानें चार फेऱ्यांचें एंजिन यशस्वी केलें. वायु आंत घ्यावा, दाबावा, पेटवावा आणि बाहेर टाकावा, असा त्याचा क्रम. पेट्रोलच्या एंजिनांत पेटविण्यासाठीं ठिणगी लागते. बॉश ह्याच्या कारखान्यानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध करून ती ठिणगी भरंवशाची केली. रुडॉल्फ डिझेल ह्यानें ठिणगीच नको म्हटलें. नुसती हवा इतकी जोरानें दाबावी कीं ती तापून तिच्यांत शिरलेलें तेल आपोआप पेटावें. त्याचें एंजिन १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें परीक्षेस उतरलें. ह्या दोन घराण्यांचीं दुखणीं तेव्हांपासून निराळीं आहेत. पेट्रोल कांहीं महिने तसेंच राहिलें तर त्याचा डिंकासारखा चिकट थर होऊन कार्ब्युरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात, आणि प्लगवर काजळी धरली असेल तर ठिणगी पडत नाहीं. डिझेलच्या टांकींत दमट हवेचें पाणी उतरतें, फिल्टर तुंबतो, आणि टांकी एकदां कोरडी पडली तर नळींत हवा अडकते. ती हवा काढून टाकल्याशिवाय एंजिन कितीही फिरविलें तरी पेट घेत नाहीं.

तरीही हीं जुनीं एंजिनें फारशीं रुसत नसत. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली, आणि तेलाचें एंजिन आपल्याकडील विहिरींवर ओळखीचें झालें. ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांना तें दृश्य आठवत असेल. शेतकरी दाब मोकळा ठेवणारी दांडी वर करी, हँडल मारून जड चाकाला गति देई, आणि वेग पुरेसा आला कीं दांडी सोडी. धुराचा एक काळा फुगा, आणि एंजिन चालू! बॅटरी नाहीं, बटण नाहीं. शिवाय तें एंजिन पिकाच्या दिवसांत रोज चाले. रोजच्या हाताला यंत्राची नाडी कळत असे; तेल कमी पडलें कीं आवाजावरूनच शेतकऱ्याच्या ध्यानांत येई.

परंतु हँडल मारण्यास मनगटांत बळ लागे. मोटारींच्या बाबतींत तर हँडल उलट फिरून माणसांचे हात मोडत. ह्यावर उपाय अमेरिकेंतील चार्लस् केटरिंग ह्यानें शोधिला. तो पूर्वीं पैसे मोजण्याच्या यंत्रांच्या कारखान्यांत होता. तें यंत्र विजेनें उघडण्याची योजना करतांना त्याला उमगलें होतें कीं, काम क्षणाचेंच असेल तर लहानशा मोटरीकडूनही मोठें बळ घेतां येतें. हेंच तत्त्व त्यानें मोटारगाडीस लाविलें, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत बटणानें सुरू होणारें एंजिन लोकांस मिळालें. ह्या योजनेंत एक सुंदर वर्तुळ होतें. बॅटरी एंजिनास उठवी, आणि उठलेलें एंजिन बॅटरी पुन्हा भरून काढी.

श्रोते हो, माझ्या ‘टक्’ आवाजाचा उगम ह्या वर्तुळांत आहे. मोटारगाडी रोज चालते, म्हणून तिची बॅटरी रोज जेवते. राखीव जनित्र मात्र निजलेलें असतें, आणि शिशाची बॅटरी निजलेली असतांनाही आंतल्या आंत झिजत जाते. आम्हीं गाडीची सोय घेतली. पण गाडीचा रोजचा व्यायाम मात्र यंत्राला दिला नाहीं.

केटरिंगनेंच १९१६ सालीं ‘डेल्को-लाइट’ नांवाचा घरगुती वीजसंच बाजारांत आणविला. अमेरिकेंतील शेतांवर तेव्हां कंपनीची वीज नव्हती. १९३५ च्या सुमारासही तेथील दहा शेतकऱ्यांपैकीं एखाद्याच्याच घरीं ती पोंचली होती. ह्या संचावर दिवे लागले, पाणी चढूं लागलें. पुढें १९२० सालीं कोहलर कंपनीनें याच्याही पुढची पायरी गांठली. घरांत कोणींही एक दिवा लाविला कीं तळघरांतील एंजिन आपण होऊन सुरू व्हावें, अशी ती रचना होती. ह्या क्षणापासून मनुष्याला यंत्राजवळ जाण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें गांवोगांवीं वीज आली, आणि घरचें जनित्र रोजच्या चाकरींतून निवृत्त होऊन संकटाची वाट पाहत बसलें. राखीव जनित्र तें हेंच.

वाट पाहणाऱ्या यंत्राची परीक्षा कशी होते हें न्यूयॉर्क शहरानें दोनदां पाहिलें आहे. ता. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळीं नायगाऱ्याजवळील एका वीजकेंद्रांतील लहानशा रक्षक उपकरणामुळें एक वाहिनी तुटली, आणि सुमारें तीन कोटि लोक अंधारांत गेले. कित्येक इस्पितळांत राखीव जनित्र नव्हतेंच. मौज अशी कीं, वीज उत्पन्न करणाऱ्या केंद्रांनाही पुन्हा सुरू होण्यास वीज हवी होती, आणि तीच नव्हती. तेथील एका प्रचंड जनित्राला तेल पुरविणारे पंप विजेअभावीं थांबले, आणि फिरत्या यंत्राचे बेअरिंग तेलावांचून खराब झाले.

दुसरी परीक्षा २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळांत झाली. तेथील बेलव्ह्यू इस्पितळाचीं जनित्रें पुराच्या भीतीनें तेराव्या मजल्यावर ठेविलेलीं होतीं. योजना शहाणपणाची होती. परंतु त्यांना तेल चढविणारे पंप तळघरांतच राहिले होते, आणि तळघर समुद्राच्या पाण्यानें भरलें. तेव्हां कर्मचारी आणि सैनिक जिन्यावर रांग करून उभे राहिले, आणि तेलाचीं भांडीं हातोहात तेरा मजले चढलीं. हें वाचतांना मला आमचा जिना आठवला. आमचा माणूस खालीं उतरत होता, त्यांचें तेल वर चढत होतें; दोन्हींकडे यंत्राची चूक माणसांनीं आपल्या खांद्यावर घेतली होती.

आतां घरच्या उपयोगाचें थोडें सांगतों. जनित्र सुरू न झालें तर घाबरून एकसारखें बटण दाबीत बसूं नये. त्यानें उरलीसुरली बॅटरीही संपते. जी सोय सर्वांत शेवटीं जोडली गेली तिच्यापासून आरंभ करून उलट चालावें. प्रथम स्विच पहावा. तांतडीनें बंद करण्याचें लाल बटण कोणीं दाबून तर ठेविलें नाहीं ना? मग बॅटरी आणि तिचीं टोकें पहावीं. नुसतें ‘टक्’ झालें तर संशय प्रथम तिचाच. एंजिन फिरतें पण पेटत नाहीं असें असेल तर इंधन, त्याची तोटी, फिल्टर आणि हवेची जाळी तपासावी. पेट्रोलचें असल्यास प्लगही पहावा. एंजिनांतील वंगण जरूर पहावें, कारण तें कमी असलें तर पुष्कळ नवीं यंत्रें स्वतःच्या रक्षणासाठीं मुद्दामच सुरू होत नाहींत. एंजिन चालतें पण वीज नाहीं, तर जनित्राचा खटका उतरला आहे काय तें पहावें, आणि मग ‘विरजणा’साठीं कारागिरास बोलवावें.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत. जनित्र घरांत, बंद गच्चींत किंवा खिडकीखालीं कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि निजलेला माणूस त्यानें निजलेलाच राहतो. दुसरी गोष्ट, त्याची वीज भिंतींतल्या प्लगमधून उलटी घरांत सोडूं नये. चेंज-ओव्हर स्विच बसवून घ्यावा. नाहींतर ती वीज रस्त्यावरील तारेंत जाते, आणि जो गरीब लाइनमन आपल्याचसाठीं खांबावर चढलेला असतो त्याचा ती प्राण घेते.

आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे यंत्रास निजूं न देणें. महिन्यांतून एकदां अर्धा तास तें चालवावें, आणि तेंही रिकामें नव्हे. त्याच्या शक्तीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकें ओझें त्यावर घालावें. फार हलक्या ओझ्यावर चालणाऱ्या डिझेलच्या एंजिनांत काजळी सांचते. बॅटरीस घरच्या विजेवर चालणारा लहान चार्जर कायम जोडून ठेवावा, आणि तारीख वहींत लिहावी.

आमच्या संस्थेंत २००५ नंतर अशी वही ठेविली गेली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं जनित्र चालावयाचें असा नियम केला. तो कित्येकांस कंटाळवाणा वाटे. डिझेल फुकट जातें अशी तक्रार दर वार्षिक सभेंत होई. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज एकाएकीं गेली आणि आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. तो सोमवार होता. आमचें जनित्र पहिल्याच बटणाला उठलें. त्यांत नवल कांहींच नव्हतें. आदल्या दिवशीं दुसरा रविवार होता.

ते वृद्ध शेजारी आतां हयात नाहींत. वही हल्लीं त्यांचा नातू लिहितो. तक्रार अजून होते, आणि जनित्र अजून चालतें.