डिपॉझिट कुणाच्या ताब्यात? कार्पेटपासून पागडीपर्यंत

मागच्या भागात मी सहज म्हटलं होतं की भाडेकराराच्या इतिहासावर कधीतरी बोलू, तर इनबॉक्समध्ये इतिहास कुणीच विचारला नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: "घर सोडलं, मालकानं डिपॉझिटमधून पैसे कापले, आता काय करायचं?" मी वकील नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाला एक झकास इतिहास आहे आणि तो माहीत असला की मालकाशी बोलताना आपला आवाज जरा बदलतो. म्हणून आजचा भाग डिपॉझिटवर.

सुरुवात इंग्लंडपासून करतोय. एक तर मी तिथे तीन वर्षं ऑनसाइट होतो आणि कार्पेटवरून झालेली भांडाभांडी स्वतः केली आहे. दुसरं म्हणजे आपल्या कायद्यातलं या विषयावरचं महत्त्वाचं वाक्य तिकडूनच आलंय.

आधी कार्पेटचं समजून घ्या. आपल्याकडे कार्पेट म्हटलं की गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येईल अशी वस्तू डोळ्यांसमोर येते. तिकडे ते भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेलं असतं, म्हणजे आपल्या फरशीसारखंच. एका कोपऱ्यात डाग पडला तर तेवढाच तुकडा बदलून रंग जुळत नाही. म्हणून मालक म्हणतो, पूर्ण खोलीचं नवीन टाकतो आणि बिल तुला लावतो. भाडेकरू म्हणतो, अरे बाबा, माणूस राहिला की कार्पेट दबणारच! दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं आणि म्हणूनच हे भांडण संपत नाही.

या भांडणासाठी इंग्रजी कायद्यात एक जुना शब्दप्रयोग आहे, 'फेअर वेअर अँड टेअर'. मी त्याला 'वाजवी झीज' म्हणतो. नीट वापरूनही वस्तू जी झिजते, आणि ऊन-पाऊस-वारा यांनी जे होतं, त्याची जबाबदारी भाडेकरूवर नाही. ऐकायला सोपं आहे. पण सीमा कुठे? १९२८ च्या 'हॅस्केल विरुद्ध मार्लो' या खटल्यात न्यायाधीशांनी कौलाचं उदाहरण दिलं. छपरावरचं एक कौल निसटलं, ती झीज. पण ते निसटलेलं बघूनही तुम्ही काहीच केलं नाहीत, पाणी आत येत राहिलं, भिंती कुजल्या आणि शेवटी घर राहण्यालायक उरलं नाही, तर त्या सगळ्याला झीज म्हणता येणार नाही. मला हे उदाहरण फार आवडतं. बग आपोआप आला असेल, पण तिकीट वर्षभर उघडं ठेवलंत तर ते तुमच्याच खात्यात.

हीच कल्पना आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी पोचली होती. १८८२ चा 'ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट' आजही लागू आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूची कर्तव्यं दिली आहेत. त्यात म्हटलंय की घर ज्या अवस्थेत मिळालं त्याच अवस्थेत परत द्यायचं, फक्त वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीनं झालेले बदल सोडून. म्हणजे नियम मुंबईत, पुण्यात आणि लंडनमध्ये साधारण सारखाच. मग तिकडचा भाडेकरू कार्पेटचे पैसे परत मिळवू शकतो आणि आपल्याकडचा हात चोळत बसतो, असं का?

माझं मत सांगतो. भांडण कार्पेटचं नसतंच. प्रश्न दोनच असतात: पैसे कुणाच्या ताब्यात आहेत, आणि पुरावा कुणी द्यायचा?

इंग्लंडमध्येही बराच काळ दोन्हींचं उत्तर मालकाच्या बाजूचं होतं. १९८८ च्या हाउसिंग ॲक्टनंतर तिथे खासगी भाड्याची घरं सैल नियमांवर द्यायला सुरुवात झाली, आणि डिपॉझिट थेट मालकाच्या नाहीतर एजंटच्या बँक खात्यात जायचं. कापलं तर काउंटी कोर्टात दावा लावायचा भाडेकरूनं, फी भरायची त्यानं, सिद्ध करायचं त्यानं. मालकानं फक्त गप्प बसायचं. १९९८ मध्ये तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो या सल्ला देणाऱ्या संस्थेनं यावर अहवाल काढला, मग २००० साली एक ऐच्छिक प्रयोग झाला. मालकांनी स्वतःहून त्यात यावं ही अपेक्षा! जे आधीच प्रामाणिक होते ते आले असणार, दुसरं काय.

शेवटी २००४ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये सक्ती आली आणि ती ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाली. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवायचं. एका प्रकारात पैसे योजनेकडेच राहतात, दुसऱ्यात मालकाकडे राहतात पण विम्याखाली. वाद झाला आणि दोघांची तयारी असेल, तर योजनेचा लवाद कागदपत्रं बघून फुकट निकाल देतो. मालकानं डिपॉझिट नोंदवलंच नाही, तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या तिप्पट रक्कम द्यायला लावणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, निकाल लागेपर्यंत डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे मानले जातात. कापायचं असेल तर मालकानं सिद्ध करावं. तो सिद्ध करू शकला नाही, तर भाडेकरूनं काही खास न करताही पैसे त्याचे.

ही कल्पना इंग्लंडची नव्हे बरं का. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं १९७७ मध्येच त्यासाठी सरकारी 'रेंटल बाँड बोर्ड' काढलं होतं. इंग्लंडला तीस वर्षं लागली.

आणि पहिल्या व्हर्जनमध्ये बग होताच. कायद्यानं नोंदणीला १४ दिवस दिले होते. २०१० मध्ये अपील कोर्टानं 'तिएन्सिया' खटल्यात निकाल दिला की मालकानं कोर्टातल्या सुनावणीच्या आधी कधीही नोंदणी केली तरी दंड लागणार नाही. झालं! म्हणजे पकडले जाईपर्यंत थांबा, मग नोंदवा. संसदेनं २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनं ती पळवाट बुजवली, मुदत ३० दिवस केली आणि दंड एकपट ते तिप्पट असा ठेवला. पुढे १ जून २०१९ पासून डिपॉझिटवरच मर्यादा आली: वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. भाडं महिन्याला ९५० पौंड होतं, म्हणून डिपॉझिट १०९५. मी पुण्याला परत यायला निघालो आणि एजंटचा ईमेल आला की हॉलचं कार्पेट बदलणार, ४८० पौंड कापतोय. दारापासून सोफ्यापर्यंत चालून चालून पट्टा पडला होता, एवढंच. देश सोडून जाणारा माणूस भांडत बसत नाही, हे एजंट लोकांना पाठ असतं. माझ्यासाठी मात्र ते इथल्या घराच्या डिपॉझिटचे पैसे होते, त्यामुळे मी बसलो भांडत. लवादाकडे मालकानं काय पाठवलं? नवीन कार्पेटचं बिल. मी काय पाठवलं? राहायला आलो त्या दिवशीचा तपासणी अहवाल, ज्यात त्याच एजंटनं लिहिलं होतं की कार्पेट वापरलेलं आहे, दाराजवळ दबलेलं आहे. जुनं कार्पेट कधी घेतलं हे मालक दाखवू शकला नाही. काही आठवड्यांनी निकाल आला आणि ४८० च्या ४८० परत मिळाले. ना वकील, ना फी, ना सुनावणी. तोवर मी पुण्यात पोचलोही होतो.

कार्पेटचं वय इतकं महत्त्वाचं का, तर तिथे साधा घसाऱ्याचा हिशेब करतात. समजा कार्पेट ८०० पौंडांना घेतलं, त्याचं आयुष्य आठ वर्षं धरलं आणि तुम्ही घर सोडताना ते सहा वर्षांचं होतं. मग तुम्ही त्याची पूर्ण वाट लावली असली तरी मालकाचं नुकसान उरलेल्या दोन वर्षांचं, म्हणजे २०० पौंड. जुन्याच्या बदल्यात नवं मिळवून मालकाचा फायदा होता कामा नये, हे त्यामागचं तत्त्व. पाच वर्षं जुना ऑफिसचा लॅपटॉप बिघडला तर कंपनी तुमच्याकडून नव्या मॅकबुकचे पैसे मागू शकत नाही ना, तसंच.

मग महाराष्ट्रात काय झालं? इथे इतिहासानं वेगळंच वळण घेतलं, आणि तेही इंग्लंडच्याच हातात हात घालून. पहिल्या महायुद्धात घरभाडी वाढली, ग्लासगोमध्ये मेरी बार्बरसारख्या बायकांनी भाडेबंदीचा संप उभा केला आणि १९१५ च्या अखेरीस ब्रिटिश संसदेनं भाडी गोठवली, घर देताना भाड्यावर वेगळी रक्कम उकळायलाही बंदी घातली. १९१८ मध्ये मुंबईतही युद्धकाळापुरता म्हणून तसाच भाडे कायदा आला. मग १९३९ चा आला, मग १९४७ चा. हा १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट पन्नासहून जास्त वर्षं चालला. भाडं गोठलेलं, आणि कलम १८ नुसार भाड्याशिवाय वरची रक्कम घेणं गुन्हा. त्यामुळे वरची रक्कम बंद झाली का? छे! ती टेबलाखाली गेली आणि तिचं नाव पागडी.

मालकांनी मग आणखी एक वाट काढली, लीव्ह अँड लायसन्स. हा भाडेकरू नाहीच, याला फक्त राहायची परवानगी दिलीय, म्हणजे भाडे कायदा लागू नाही. १९७३ मध्ये सरकारनं दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरूचं संरक्षण दिलं. तेव्हा राहत होते ते सुटले. पण मालकांच्या मनात जी धास्ती बसली, ती माझ्या मते आजच्या ११ महिन्यांच्या करारात आणि जाड डिपॉझिटमध्ये अजून जिवंत आहे. माणूस घर सोडेल ना, याची ती हमी होती. कार्पेट किंवा भिंतीचा रंग हा विषयच नव्हता.

१९९९ मध्ये नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं कलम ५६ मध्ये पागडी चक्क कायदेशीर केली, घर देताना मालकाला प्रीमियम किंवा डिपॉझिट घ्यायची मुभा दिली. कलम ५५ नं करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच असं सांगितलं. घेतलेलं डिपॉझिट कुठे ठेवायचं, किती दिवसांत परत द्यायचं, कापलं तर पुरावा कुणी द्यायचा? यावर एक योजना नाही, एक लवाद नाही.

गंमत म्हणजे सरकार तुमच्या डिपॉझिटकडे बघतच नाही असं अजिबात नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि ते भाड्यात मिळवून त्यावर ०.२५ टक्के शुल्क लावतात. म्हणजे त्या पैशांवर व्याज सुटतं हे सरकारला मान्य आहे. आपला वाटा ते घेतं. तुमचा वाटा विचारायला कुणी नाही.

केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच. पण तो राज्यानं स्वीकारला तरच लागू, आणि त्यातही पैसे राहणार मालकाकडेच.

आता तुमच्या मेसेजकडे येतो. आपल्याकडे कार्पेटची जागा रंगानं घेतली आहे, 'घर सोडताना रंगाचे एका महिन्याचं भाडं कापणार' हे कलम कित्येक करारांत असतं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यावर भरपाई वाजवीच मिळते, कागदावर आकडा लिहिला म्हणून तेवढी पूर्ण मिळेलच असं नाही. पण मालकाचा वकील म्हणेल की ही भरपाई नाहीच, ही तुम्ही आधी कबूल केलेली रक्कम आहे, आणि तो अगदीच चुकीचा नसेल. म्हणून ते कलम सही करायच्या आधीच खोडून घ्या, किंवा त्यापुढे 'वाजवी झीज वगळून' असे तीन शब्द घाला. लायसन्सला कलम १०८ थेट लागत नाही, त्यामुळे ते शब्द करारातच असलेले बरे.

किल्ली मिळेल त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, सरकत्या खिडकीचा व्हिडिओ काढा आणि तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. नुसता फोनमध्ये ठेवू नका, पाठवलेल्या मेसेजला तारीख असते आणि त्यांनी तो पाहिल्याचीही खूण असते. घर सोडताना काका-काकू कितीही गोड असले तरी कापलेल्या पैशांचं बिल मागा, आणि रंग शेवटचा कधी दिला होता तेही विचारा. चार वर्षांपूर्वी दिलेल्या रंगाचे पूर्ण पैसे तुम्ही का द्यायचे?

आणि मालकानं करार नोंदवलाच नसेल तर घाबरू नका. नोंदणी ही कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्याच कलम ५५ मध्ये लिहिलंय की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पुरावा मालकानं द्यायचा, हे आपल्या कायद्यात आहे ते एवढ्या एका ओळीत. मेसेज करणाऱ्यांपैकी तिघांचे करार नुसते नोटरी केलेले आहेत. तुम्ही तिघं ही ओळ मालकाला पाठवा आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.

पुढच्या भागात ग्लासगोचा १९१५ चा संप, जरा सविस्तर.