चिलर बंद : तीन तास एकतीस मिनिटांचा घटनाक्रम

३० ऑगस्ट २०२३, बुधवार. आपल्याकडे राखीपौर्णिमा, ऑस्ट्रेलियात हिवाळ्याचा शेवट. सिडनी परिसरातल्या मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमध्ये त्या दिवशी जे घडलं, ते जळगाव-धुळ्यात नीट वाचलं जायला हवं. म्हणून खालच्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. सिडनी तेव्हा साडेचार तास पुढे होती.

आधी एवढं लक्षात घेऊ. सर्व्हर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ती काढून नेण्यासाठी इमारतीत गार पाणी फिरतं. पंप ते ढकलतात आणि तापून परतलेलं पाणी चिलर पुन्हा गार करतात. तिथे असे सात चिलर होते. पाच चालू, दोन राखीव.

दुपारी २:११. सुमारे तीस किलोमीटरवर वीजवाहिनीच्या यंत्रणेवर आकाशातली वीज कोसळते. पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो. सर्व्हर चालूच राहतात, पण चिलर बंद पडतात.

२:१३. पाचही चिलर आपोआप सुरू व्हायला हवेत. होत नाहीत. चिलरकडून पंपांना सुरू होण्याचा संकेतच पोचत नाही. पंप थांबलेले, त्यामुळे पाणी थांबलेलं, आणि पाणी खेळत नाही तोवर चिलर चालू शकत नाही.

२:१५. दोन्ही राखीव चिलर सुरू होण्याचा प्रयत्न करतात. एक टिकतो, दुसरा काही मिनिटांत पुन्हा बंद पडतो. पाचांचं काम आता एकट्यावर आहे.

पुढचा पाऊण-एक तास. खरी बाजी इथे हातातून जाते. रात्रपाळीला जागेवर तीन माणसं आहेत. बंद पडलेला प्रत्येक चिलर हाताने सुरू करण्याची पद्धत कागदावर लिहिलेली आहे, पण ती एकेका यंत्रासाठी. पाच एकदम बसले तर तीन माणसं अपुरी पडतात. तेवढ्यात नळ्यांतलं पाणी इतकं तापतं, की चिलरची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था त्यांना सुरू होऊ देत नाही. पाणी गार करणारं यंत्र पाणी गरम आहे म्हणून अडून राहतं.

४:००. डेटा साठवणाऱ्या यंत्रणेतून बिघाडाचे इशारे येऊ लागतात.

५:०४. सर्व्हरच्या दोन दालनांतलं तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे जातं. उपकरणं जळू नयेत म्हणून निवडक सर्व्हर, नेटवर्क आणि साठवण मुद्दाम बंद केली जाते. उष्णतेचा उगमच तोडल्यावर पाणी निवू लागतं.

५:४२. पाचही चिलर हाताने सुरू होतात. विजेचा दाब कोसळल्यापासून तीन तास एकतीस मिनिटं झालेली असतात.

७:००. दालनांचं तापमान पूर्ववत.

८:४०. सगळ्या उपकरणांना पुन्हा वीज.

४ सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर १:३० च्या सुमारास. सेवा पूर्ण सावरतात. मधल्या काळात बँक ऑफ क्वीन्सलँड आणि जेटस्टार विमान कंपनीपर्यंत त्याची झळ पोचलेली असते. मायक्रोसॉफ्टने नंतर तिथली तिघांची पाळी तात्पुरती सात जणांची केली.

या घटनाक्रमात बाहेरचा उन्हाळा कुठेच नाही. हिवाळ्यातल्या संध्याकाळी हे झालं. घात केला आतल्या उष्णतेने आणि वाया गेलेल्या पहिल्या तासाने. साठ्यात गार पाणी असलं तरी पुरत नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापुरात इक्विनिक्सच्या डेटा सेंटरमध्ये यंत्रणेच्या नियोजित सुधारणेच्या वेळी कंत्राटदाराकडून गार पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह चुकून बंद झाले आणि डीबीएस व सिटी या बँकांचे सुमारे २५ लाख व्यवहार अडले.

आता खानदेशाकडे पाहा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, भर दुपारी लाइट जाते, डीपी जळते. बँकेची शाखा, रुग्णालय, तालुक्याचं कार्यालय, महाविद्यालय, सगळीकडे एखादी लहानशी सर्व्हरची खोली असते. अशा खोल्यांत बहुधा यूपीएस फक्त सर्व्हरला जोडलेला असतो, एसीला नाही. लाइट गेली की एसी थांबतो, सर्व्हर मात्र बॅटरीवर उष्णता ओकत राहतो, आणि खोलीचं दार बंद असतं. सिडनीचा २:११ इथे दर उन्हाळ्यात कितीदा तरी वाजतो.

वीज वाचवण्याचे मार्ग खानदेशात भरपूर आहेत आणि ते घ्यायलाच हवेत. उन्हाळ्यातली कोरडी हवा पाण्याच्या बाष्पीभवनाने छान गार होते, घराघरांतला कूलर त्याच तत्त्वावर चालतो. मात्र पावसाळ्यात हा उपाय निकामी ठरतो आणि टंचाईत पाणी कुठून आणायचं हे आधी ठरवावं लागतं. धुळ्याच्या हिवाळी रात्री इतक्या गार असतात की बाहेरच्याच हवेवर बरंच काम भागतं. सर्व्हरला १८ अंशांची थंडी लागत नाही, आत जाणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते हे ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकी संस्थेचे मानदंडच सांगतात. पण खोली जितकी उबदार ठेवाल, तितका एसी बंद पडल्यावर हाती उरणारा वेळ कमी होतो. म्हणून विजेच्या बचतीचा हिशोब मांडताना त्याच कागदावर मिनिटांचा हिशोबही मांडला पाहिजे.

तो फार अवघड नाही. पंखे आणि पंप यूपीएसवर घ्या. गरम आणि गार हवेच्या वाटा वेगळ्या करा. तापमान वाढलं की कोणता सर्व्हर आधी बंद करायचा याची यादी भिंतीवर लावा आणि तो अधिकार रात्रपाळीच्या माणसाला द्या. मग मार्च उजाडण्याआधी एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून घड्याळ लावा आणि खोली किती मिनिटांत तापते ते मोजा. जी मिनिटं हाती येतील, त्यांत पोचू शकतील एवढी माणसं नेमा. यंत्रं महाग पडतील, हे काम महाग पडणार नाही, आणि ते याच वर्षी करता येण्याजोगं आहे.