केल्विन यांचं गणित कुठे अडलं?

मागच्या वेळी आपण फूरिए यांच्यापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ. पण आधी जरा स्वयंपाकघरात डोकावू.

पुरणाचा गोळा वरून निवला, तरी मधे बोट घातलं की चटका बसतो. पुरण जागचं हलत नाही. उष्णता त्यातून हळूहळू सरकत बाहेर येते. हे वहन. आमटीचं तसं नाही. तळाची आमटी तापून वर येते, वरची थंड खाली जाते. हे अभिसरण. शाळेत आपण हे दोन शब्द पाठ केले आणि विसरलो. एकोणिसाव्या शतकात मात्र पृथ्वीचं वय याच दोन शब्दांवर अडलं होतं.

वहनाचं गणित जोसेफ फूरिए यांचं. १८०७ साली त्यांनी ते पॅरिसमध्ये सादर केलं, तेव्हा लाग्रांज यांच्यासारख्या दिग्गजाने हरकत घेतली. ग्रंथ निघाला १८२२ साली. तो कोवळ्या वयात वाचून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, भारावून गेले.

१८६२ साली केल्विन यांनी हेच गणित पृथ्वीला लावलं. पृथ्वी आधी वितळलेली होती, मग घट्ट झाली, आणि तेव्हापासून नुसत्या वहनाने निवते आहे, असं त्यांनी धरलं. खाणीत खाली जावं तसं तापमान वाढतं; त्यांनी दर ५० फुटांना १ अंश फॅरनहाइट हा आकडा घेतला. पृथ्वी जितकी जुनी, तितकी ही वाढ मंद. त्यावरून वय आलं सुमारे ९ कोटी ८० लाख वर्षं. सावधगिरी म्हणून त्यांनी २ कोटी ते ४० कोटी अशी मर्यादा दिली, आणि १८९७ साली ती २ ते ४ कोटींवर आणली. डार्विन यांच्या उत्क्रांतीला एवढा काळ कसा पुरायचा? भूशास्त्रज्ञही पेचात पडले. समीकरणाला उत्तर कोण देणार!

उत्तर दिलं जॉन पेरी यांनी. हे केल्विन यांचेच जुने सहायक, बरं का. १८९५ साली त्यांनी विचारलं, पृथ्वीचं पोट पुरणासारखं आहे, हे कशावरून? आत पदार्थ आमटीसारखा थोडा जरी फिरत असेल, तर खोलवरची उष्णता कवचाखाली येत राहील. मग कवचातली तापमानवाढ कितीतरी जास्त काळ टिकेल, आणि वय अब्जावधी वर्षांवर जाऊ शकेल. केल्विन यांना ते पटलं नाही.

आपण बहुतेक पुस्तकांत वाचतो, की केल्विन यांना किरणोत्साराने खोटं पाडलं. ते अर्धंच खरं. किरणोत्साराने आपल्याला घड्याळ दिलं आणि वय ठरलं सुमारे ४५४ कोटी वर्षं. पण त्याची उष्णता केल्विन यांच्या गणितात मिळवली, तरी उत्तर फारसं बदलत नाही. कारण खोलवर तयार झालेली उष्णता नुसत्या वहनाने तेवढ्या काळात वर पोचतच नाही. चूक होती ती पेरी यांनी दाखवली तिथेच. कवचाखालचा खडक घन असूनही लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो, आणि त्या प्रवाहाशी खंडांचं सरकणं जोडलेलं आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

समीकरण बिनचूक होतं, आकडेही त्या काळच्या मानाने बरे होते. तपासायचं राहिलं ते आधी धरून चाललेलं एक वाक्य. आपणही कुणाचं गणित पडताळताना त्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू.