ढोलांवर बंदी आली, मग पिंप वाजलं: त्रिनिदादची गोष्ट

हेडफोन जवळ असतील तर लावा, आजचा विषय कानांचा आहे.

त्रिनिदाद. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते क्रिकेटमुळे. १९७१ साली सुनील गावसकर पोर्ट ऑफ स्पेनला पहिली कसोटी खेळले, त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, आणि तिथल्या लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर चक्क गाणं रचलं. तिथे जाणारे लोक बीच बघतात, कार्निव्हलमध्ये नाचतात, स्टीलपॅन ऐकून ‘काय गोड आवाज आहे’ म्हणतात आणि परत येतात. माझं म्हणणं एवढंच, की तो गोडवा बंदीच्या पोटातून आलाय हे माहीत करून जा.

तर झालं असं. उसाच्या मळ्यांना आग लागली की गुलामांना रात्री-अपरात्री हाकलत ती विझवायला नेत. १८३८ मध्ये पूर्ण स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याच लोकांनी त्या छळाची मिरवणूक केली: मशाली, ढोल, लाठ्या. नाव ‘कॅनबुले’, म्हणजे फ्रेंचमध्ये जळका ऊस. मालकांच्या नाकावर टिच्चून! ब्रिटिश सरकारला ते बघवेना. १८८१ मध्ये कॅप्टन बेकरचे पोलीस मिरवणुकीवर धावून गेले आणि लोकांनी लाठ्यांनी उत्तर दिलं. १८८४ मध्ये कायदाच आला: रस्त्यावर मशाली नकोत, ढोल नकोत, लाठ्या घेऊन जमाव नको.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली, आणि ती आपल्या माणसांची आहे. १८४५ पासून कंत्राटी मजूर म्हणून भारतातून लोक तिथे नेले जात होते. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, कलकत्त्याहून जहाजात बसलेले. त्यांच्या मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात. ताजिये निघत, हिंदूही खांदा देत, आणि पुढे वाजे तो ताशा. हो, आपल्या ढोल-ताशातलाच शब्द! कातडं आजही शेकोटीवर तापवून ताणतात. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोत शहरबंदी मोडून आलेल्या या मिरवणुकीवर गोळीबार झाला. माणसं मेली. आफ्रिकी ढोल आणि भारतीय ताशा, दोघांनाही एकाच वर्षी फटका.

मग ढोल नाही तर काय? बांबू! वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जमिनीवर आपटायचे, एकमेकांवर ठोकायचे. याला ‘टॅम्बू बॅम्बू’ म्हणत. १९३० च्या दशकात पोरांनी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचराकुंडीची झाकणं उचलली. ठोकता ठोकता पत्र्याला पोचे पडले आणि लक्षात आलं, की प्रत्येक पोच्याचा सूर वेगळा आहे.

पुढचा टप्पा म्हणजे तेलाचं पिंप. बेटावर तेल निघत होतं, महायुद्धात अमेरिकी तळही आला, त्यामुळे ५५ गॅलनच्या पिंपांना तोटा नव्हता. आता हे नीट ऐका, माझ्यातला इंजिनिअर इथेच अडकला. पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाटीसारखा खोल करतात. त्यात सुरांचे कप्पे आखतात, पिंप हवं तेवढं कापतात, आगीवर तापवतात आणि मग पुन्हा हातोडा, यावेळी अगदी हलका. एका कप्प्याचा मूळ सूर लावला तरी काम संपत नाही. त्याचा वरचा षड्जही त्याच पत्र्यात जुळावा लागतो. एक ठोका चुकला की शेजारचा सूर हलतो. एक बग काढला की दुसरा उगवतो, अगदी तसंच! एली मॅनेट यांच्यासारख्या कारागिरांनी हे सगळं कानाने शोधलं.

सभ्य लोक मात्र या वादकांना गुंड म्हणत. अगदीच खोटं नव्हतं म्हणा. कॅसाब्लांका, टोकियो अशी सिनेमांवरून नावं घेतलेली पथकं रस्त्यात भिडायची. १९५१ मध्ये निवडक वादकांचं ‘टास्पो’ पथक लंडनला जाऊन वाजवून आलं, तेव्हा घरच्यांचा सूर बदलला. तेही ब्रिटिशांनी टाळ्या वाजवल्यावर, हे मला जरा लागतं. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झालं.

कधी गेलात तर कार्निव्हलच्या आधीचे आठवडे गाठा. रात्री ‘पॅनयार्ड’मध्ये, म्हणजे पथकाच्या अंगणात, पॅनोरमा स्पर्धेची तालीम चालते. शंभरेक वादक, तेच आठ-दहा ताल पुन्हा पुन्हा. बासवाल्याच्या भोवती उभी आख्खी पिंपं दिसतील, त्याच्याजवळ जागा पकडा.