वेब दुर्बिणीची रंगीत तालीम

वेब दुर्बिणीची चित्रे लोकांनी कौतुकाने भिंतीवर लावली. पण ती अवकाशात जाण्याच्या कितीतरी आधी तिच्या कॅमेऱ्यातली चित्रे संगणकावर तयार होत होती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मुलांना मी आधी त्या बनावट चित्रांची गोष्ट सांगते, कारण खरे कष्ट तिथे आहेत.

या कामाची निकड हबल दुर्बिणीने पटवली. १९९० मध्ये ती वर गेली आणि आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासला गेल्याचे कळले. एवढ्याशा चुकीने ताऱ्याचा बहुतेक प्रकाश भोवती फाकला. त्याच सुमारास जॉन क्रिस्ट यांची ‘टायनी टिम’ ही प्रणाली आली. हबलच्या अमुक कॅमेऱ्यात, तमुक फिल्टरमधून एकच तारा कसा दिसेल, ते ती काढून देई. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी हबल दुरुस्त केली. वेब मात्र पंधरा लाख किलोमीटरवर राहणार होती. तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

म्हणून बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने ‘मिराज’ ही प्रणाली घडवली. नुसते सुंदर आकाश रंगवणे एवढेच तिचे काम नव्हते. वेबच्या निअरकॅम या अवरक्त कॅमेऱ्यात दहा डिटेक्टर आहेत, प्रत्येक २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा. पिक्सेलमध्ये साठत जाणारा विद्युतभार रिकामा न करता पुन्हा पुन्हा वाचला जातो, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलची एक चढती रेघ मिळते. मध्येच वैश्विक किरण आदळला की रेघेत एकदम पायरी पडते. मिराज ही अख्खी रेघ रचते. खगोलांची यादी घेऊन ती तारे-दीर्घिका मांडते, अठरा षटकोनी आरशांमुळे ताऱ्याला फुटणारे काटे काढते. मग जमिनीवरच्या अतिशीत चाचण्यांत झाकलेल्या डिटेक्टरने टिपलेला खरा अंधार त्यात मिसळते, बिघडलेल्या पिक्सेलांसकट. मला हे फार प्रामाणिक वाटते. डागाळलेले चित्र देता आले, तरच ते डाग काढणाऱ्या प्रणालीची परीक्षा होते.

शेजारच्या पिक्सेलमध्ये झिरपणारा भार, भरत आलेल्या पिक्सेलचा मंदावणारा चढ, हेही मिराजच्या चित्रात येते. शेवटी हाती येते ती थेट यानातून उतरल्यासारखी कच्ची फाइल.

२५ डिसेंबर २०२१ रोजी वेब कुरूच्या प्रक्षेपण तळावरून निघाली. फेब्रुवारीत तिने सप्तर्षी समूहातल्या एचडी ८४४०६ या ताऱ्याकडे पाहिले. आरसे अजून एकमेकांशी जुळलेले नव्हते, म्हणून एका ताऱ्याचे अठरा ठिपके दिसले. जवळजवळ २५ तास, १५६ दिशा, १५६० चित्रे. एकेक आरसा जरासा हलवायचा आणि कुठला ठिपका सरकतो ते पाहायचे. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी ही कामे बनावट चित्रांवर आधीच घोटली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी अठरा ठिपके एकावर एक आणून एक तारा केला.