साठ कोटींचा हिशोब

१८१८ साली अमेरिकेतील अँडोव्हर या गावी एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल हे तिचे लेखक. दोघेही अमेरिकन मिशनरी आणि दोघांचाही मुक्काम मुंबईत. जगातील साठ कोटी ख्रिस्तेतरांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर काय हक्क पोचतो आणि त्या मंडळ्यांचे कर्तव्य कोणते, हा पुस्तिकेचा विषय. लेखकांची मागणी होती ३०,००० मिशनऱ्यांची. भागाकार केला तर वीस हजार माणसांमागे एक. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आले. कारण हिशोब मांडणाऱ्यांच्या खाती तोवर इथला एकही बाप्तिस्मा जमा नव्हता. पाच वर्षे हाती काही न लागलेली माणसे असा हिशोब का मांडतात, हा प्रश्न मात्र मनात राहिला.

मिशनऱ्यांविषयी बोलताना आपल्याकडे सहसा दोनच सूर लागतात. एक 'धर्म बुडवायला आले' असा, दुसरा 'शाळा काढून उपकार केले' असा. दोन्ही सूर परिणामांचे आहेत. ज्या हाकेमुळे ही माणसे घरदार सोडून निघाली, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. मराठी ख्रिस्ती परंपरेत त्या हाकेला 'पाचारण' म्हणतात.

या पाचारणाचे मूळ मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, अशी आज्ञा येशू तेथे आपल्या शिष्यांना देतो. कॅथलिक मिशनरी ती आज्ञा घेऊन गोव्यात केव्हाच पोचले होते. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६चे. प्रॉटेस्टंटांपैकी अनेकांचे मत मात्र असे, की ही आज्ञा पहिल्या शिष्यांपुरतीच होती. १७९२ मध्ये विल्यम कॅरी या इंग्लंडमधल्या पाळकाने त्या मताला लेखी आव्हान दिले. जोडे शिवण्याचा धंदा शिकलेला हा माणूस. आज्ञा आजही लागू आहे, असे सांगून त्याने देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्तेच छापले. म्हणजे आधुनिक पाचारणात आकडेमोड पहिल्यापासून होती. पुढे हाच कॅरी बंगालमध्ये आला आणि तिथून त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी कोश काढला.

अमेरिकेतली गोष्ट १८०६ची. विल्यम्स कॉलेजातले पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी माळावर जमले असता वादळ आले. गवताच्या गंजीच्या आडोशाला त्यांनी परदेशी सेवेला जाण्याचा विचार केला. १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये पहिली तुकडी निघाली. हॉल हाही त्याच कॉलेजचा पदवीधर.

ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते. व्यापारात धर्माची कटकट नको, हे तिचे धोरण. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले. कलकत्त्याहून त्यांना निघून जाण्याचे हुकूम झाले. न्यूएल पती-पत्नी मॉरिशसकडे वळली. वाटेत समुद्रावर त्यांचे तान्हे मूल गेले आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएलही गेली. तिचे वय १९. हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. इथेही परतीचा हुकूम हजर होताच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करीत त्यांनी दिवस काढले. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. पुढे न्यूएलही मुंबईत येऊन मिळाला.

हे सारे समजल्यावर त्या पुस्तिकेतला हिशोब मला वेगळा दिसू लागला. साठ कोटींचा आकडा लिहिणाऱ्यांपैकी एकाने बायको आणि मूल गमावले होते. इतके मोल दिल्यावर काम फसले असे म्हणणे अवघड. मग मागे राहिलेल्यांना 'तुम्हीही या' असे सांगणे एवढेच उरते.

पण हाक मारायची तर समोरच्याची भाषा हवी. ही मंडळी मराठी शिकली, गल्लीबोळांत आणि देवळांपाशी लोकांशी बोलत उभी राहिली. शाळा काढल्या, छापखाना घातला. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने मुंबईतच वारला. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे फिरतीवर असताना तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून तो परत निघाला आणि वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्यालाच पटकीने गाठले. त्याच वर्षी मिशनचा मराठी 'नवा करार' छापून पुरा झाला.

हाकेला मराठी माणसाने दिलेली उत्तरे कुठल्याच तक्त्यात नव्हती. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. जोतीराव फुले यांनी अहमदनगरला सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहिली आणि घेतली ती शिक्षणाची प्रेरणा. धर्म घेतला नाही.

तिसरे उत्तर नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षे हॉलच्याच परंपरेतल्या अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्त त्यांनी अभंगातून आणि कीर्तनातून सांगितला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

१८१८च्या त्या हिशोबात दोन रकाने होते : हाक देणारे तीस हजार आणि ती ऐकणारे साठ कोटी. टिळकांसारख्या माणसाची जागा दुसऱ्या रकान्यात धरलेली होती. त्यांनी ती हाक ऐकली, आणि मग आपल्या भाषेत, आपल्या वेषात, कोणाचा पगार न घेता स्वतःच द्यायला घेतली. हॉल आणि न्यूएल यांना हे रुचले असते का, मला सांगता येत नाही. त्यांच्या हिशोबाला मात्र मी आता हसत नाही.